रांगेतल्या डोळ्यांसाठी

दुर्बीण ज्याची त्याच्या गळ्यात असते. स्पॉटिंग स्कोपचे, म्हणजे पक्षी पाहायच्या मोठ्या एकनळी दुर्बिणीचे, तसे नाही. तो ट्रायपॉडवर चढला, की मागे आपोआप रांग लागते. एक जण पक्षी शोधतो, स्कोप लावून देतो आणि बाजूला सरकतो. मग बाकीचे पाहतात. विकत घेणारा एक, पाहणारे दहा. म्हणून त्याचा आयपीस, म्हणजे डोळा लावायची मागची नळी, निवडताना एक प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा: हा आपण कोणाच्या डोळ्यासाठी घेतो आहोत?

5 ते 12 नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि डॉ. सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो. चितमपल्ली दीर्घकाळ नागपुरात राहिले, त्यामुळे हा आठवडा आपल्या नागपूरकरांना अधिकच जवळचा. अशा दिवसांत अंबाझरी किंवा गोरेवाडा तलावाच्या काठावर एखादे मूल आयुष्यात पहिल्यांदा स्कोपला डोळा लावते. कधी त्याला काळोखाशिवाय काहीच दिसत नाही. तरी मागच्यांचा खोळंबा नको म्हणून ते "हो, दिसला" म्हणते आणि बाजूला होते. त्या खोट्या होकाराचे मला फार वाईट वाटते. दोष मुलाचा नसतो. पुष्कळदा तो आपण निवडलेल्या आकड्याचा असतो.

हा आकडा बहुधा 60 असतो. 20 ते 60 पट मोठे दाखवणारा झूम आयपीस समोर आला, की मन साठावरच जाऊन बसते. पण पुढचे भिंग जेवढा उजेड गोळा करते, त्यात आयपीस कणभरही भर घालत नाही. आहे तोच उजेड तो पसरतो. तेवढ्याच गोळ्याची पोळी जसजशी मोठी लाटावी, तसतशी ती पातळ होत जाते. वीसवरून साठवर गेलो, की तोच उजेड नऊपट जागेवर पसरतो. पुढचे भिंग 65 मिलिमीटरचे असेल, तर विसाला आयपीसमधून बाहेर पडणारा उजेडाचा झोत सव्वातीन मिलिमीटर रुंद असतो. साठाला तो जेमतेम एक मिलिमीटर उरतो. सवयीचा डोळा तो झोत बरोबर पकडतो. पहिल्यांदा पाहणारा जरा हलला, की सगळे काळे.

त्यात दिसणारा पट्टाही अरुंद होतो. चिखलात फिरणारा टिलवा पक्षी एका जागी उभा राहत नाही. लावून देणारा बाजूला होऊन पाहणारा वाकेपर्यंत तो चार पावले चालून चौकटीबाहेर गेलेला असतो. आणि नागपूरचे ऊन! नोव्हेंबरातही सूर्य वर चढला, की तापलेल्या काठावरची हवा थरथरू लागते. साठपट मोठे करणारा आयपीस त्या थरथरीलाही साठपट मोठे करतो.

चष्म्याचे वेगळेच. चष्मा न काढता पूर्ण चित्र दिसायचे, तर आयपीसच्या काचेपासून डोळा पंधराएक मिलिमीटर तरी लांब ठेवता आला पाहिजे. ही सोय नसेल, तर आजोबांना मधला लहानसा गोल तेवढा दिसतो आणि कडेचे पक्षी हरवतात. माहितीपत्रकात हा आकडा बारीक अक्षरात असतो, पण रांगेतल्या निम्म्या माणसांचे पाहणे त्यावर अवलंबून असते.

दुसऱ्याला दाखवण्याची अडचण पार गॅलिलिओपासूनची आहे. त्याच्या दुर्बिणीची ताकद होती सुमारे वीसपट. तिच्यातून त्याने जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चार उपग्रह पाहिले. एप्रिलमध्ये तीच दुर्बीण घेऊन तो बोलोन्याच्या विद्वानांकडे गेला. तिथे हजर असलेल्या मार्टिन हॉर्कीने खगोलशास्त्रज्ञ केप्लरला कळवले, की ते उपग्रह कोणालाच नीट दिसले नाहीत. हॉर्कीच्या मनात आकस होता. पण त्या दुर्बिणीत अख्खा चंद्रसुद्धा एका वेळी मावत नसे, हेही खरे. पुढच्याच वर्षी, 1611 मध्ये, केप्लरने डोळ्याकडच्या बाजूला खोलगट भिंगाऐवजी फुगीर भिंग सुचवले. त्याने प्रतिमा उलटी झाली, पण दिसणारे क्षेत्र पुष्कळ वाढले. आजच्या स्कोपचा आयपीस याच वंशातला आहे. आत बसवलेला प्रिझम ती उलटी प्रतिमा सुलटी करतो.

साठाची गरज पडतच नाही, असे मी म्हणणार नाही. साध्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. ओल्या चिखलात हा फरक पाहायला ताकद लागते. मंगोलियात गळपट्टा घातलेले पट्टकादंब हंस भारतात आढळले आहेत. त्या पट्ट्यावरची अक्षरे वाचता आली, तर एका पक्ष्याचा हिमालयापलीकडून झालेला प्रवास कळतो. असे काम करणाऱ्याने झूम जरूर घ्यावा. सकाळच्या थंड, स्थिर हवेत, रांग नसताना, तो साठापर्यंत फिरवावा. कोणाला दाखवताना पुन्हा विसावर आणावा. पण ज्याचा स्कोप मुख्यतः चार लोकांत उभा राहणार आहे, त्याला 25 किंवा 30 पटीचा, रुंद क्षेत्र दाखवणारा स्थिर आयपीस अधिक साथ देईल. झूमच्या विसालाही जेवढा पट्टा दिसत नाही, तेवढा पुष्कळदा यात दिसतो.

जाणकाराला आणखी बारीक पाहायची ओढ असते, आणि ती चांगलीच आहे. मात्र त्याच्या ज्ञानाने तळ्याचे भले व्हायचे असेल, तर ते तळे आपले वाटणारी माणसे वाढली पाहिजेत. ज्याला पक्षी खरोखर दिसला, तोच पुढच्या हिवाळ्यात त्याची वाट पाहतो.

तेव्हा आयपीस घ्यायला एकट्याने जाऊ नये. बऱ्याच स्कोपना त्याच कंपनीचा आयपीस बसतो, म्हणून स्कोप बरोबर असावा. चष्मा लावणारे एखादे वडीलधारे माणूस न्यावे आणि ज्याने कधीच स्कोपला डोळा लावलेला नाही, असे एखादे मूलही. रस्त्यापलीकडची दुकानाची पाटी त्या दोघांनाही ज्यातून विनासायास वाचता येईल, तो आयपीस घ्यावा. त्यातून आपल्याला तर दिसेलच.