चकाकीचा मोह की वस्तूची सेवा?



मागच्या गुरुवारी सत्संग संपल्यावर एका तरुण मुलीने विचारलं, "काकू, वस्तूंत जीव अडकवू नये हे आपण दर आठवड्याला ऐकतो. मग केंद्रातले चौरंग आणि कपाटं पुसण्यात दर महिन्याला अर्धी सकाळ का घालवतो? ही पण आसक्तीच नाही का?"

तेव्हा आम्ही हसून "अगं, ती सेवा आहे" एवढंच म्हटलं आणि चपला शोधायला लागलो. घरी येऊन झोपाळ्यावर बसलो तेव्हा मात्र आपलंच उत्तर आपल्याला पटेना. कारण ज्या झोपाळ्यावर बसलो होतो, त्याच्याच पायी आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती आज सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलंय.

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत झोपाळा हमखास दिसतो. गुजराती शेजाऱ्यांकडून घेतला आणि आपलाच करून टाकला. आमचा झोपाळा संखेड्याचा. बेळगाव-इंदूरकडच्या वाचकांसाठी सांगतो, संखेडा हे इथून पन्नासेक किलोमीटरवरचं गाव. तिथले कारागीर सागवान लेथवर कातून खांब करतात, रंगावर कथिलाच्या वर्खाची नक्षी काढतात, ती अकीक दगडाने घासून उजळतात आणि वरून लाख चढवतात. सोनेरी दिसतं ते सोनं नव्हे. पांढऱ्या कथिलावर लाखेचा पिवळसर थर आला की सोन्याचा भास होतो. मरून रंगावर अशी वेलबुट्टी असलेला हा झोपाळा आमच्या सासऱ्यांनी १९६८ साली हप्त्याने घेतला. घरातली चार बाळं त्याच्यावर निजली.

ही लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांचा स्राव. झारखंड-छत्तीसगडच्या रानांतून ती गोळा होते. पांडवांसाठी बांधलं ते लाक्षागृह याच लाखेचं. ती भराभर पेटते हे दुर्योधनाला ठाऊक होतं. ती स्पिरिटमध्ये विरघळते हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

२०२० साल आठवा. घरात ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई, त्यामुळे आमची भीती दुप्पट. लॉकडाउन सैल झाल्यावर कामाला येणाऱ्या बेन परत आल्या. (इथे कामवाल्या ताईंना बेन म्हणतात.) त्यांच्या हातात आम्ही सॅनिटायझरची बाटली दिली आणि सांगितलं, दाराच्या कड्या, बटणं, झोपाळ्याचे हात आणि पाट, सकाळ-संध्याकाळ पुसायचं. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्या झोपाळ्याला रोज काय आंघोळ घालता? त्याला काही आजार नाही झालाय." आम्ही ऐकलं नाही.

गणपतीनंतर पाटावर पांढरट, चिकट डाग दिसायला लागले. हाताच्या दांड्यावरची वेलबुट्टी पुसट झाली. आम्ही बेनना जाब विचारला, "काय घासलंत याला? काथ्या लावलात का?" त्या म्हणाल्या, "तुम्ही दिलंत तेच." आम्हाला तो उलट जबाब वाटला. दिवाळीला त्यांचा बोनस अर्धाच दिला आणि का ते बोलूनही दाखवलं. भाऊबीज झाली आणि त्या यायच्या बंद झाल्या.

डिसेंबरात संखेड्याचा कारागीर डाग बघायला आला. त्याने डागावर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि विचारलं, सॅनिटायझर लावता? मग म्हणाला, "बेन, आ तो लाख छे. दारू अडे तो ओगळी जाय." दारू लागली की विरघळतेच. सॅनिटायझरमध्ये निम्म्याहून जास्त अल्कोहोल असतं. दारूबंदीच्या राज्यात आमचा झोपाळा चार महिने दोन वेळा पीत होता आणि ओतणारे आम्हीच होतो.

एवढंच असतं तर अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्या दिवशी एक गोष्ट आठवली आणि ती अजून जात नाही. त्या चार महिन्यांत बेनच्या बोटांची सालं निघाली होती. ती आम्ही पाहिली होती. "खोबरेल लावत जा" असं म्हणालोही होतो, जाता जाता. बोटं बघून आवाज चढला नाही. झोपाळा बघून चढला.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर "हो" असंच आहे. आमची ती आसक्तीच होती. झोपाळ्यावर प्रेम आहे असं आम्ही समजत होतो, पण डाग दिसल्यावर पहिला विचार काय आला? दिवाळीला पाहुणे येतील, त्यांना काय दिसेल. म्हणजे जीव लाकडात नव्हताच, लाकडाच्या चकाकीत दिसणाऱ्या आपल्या घराच्या रुबाबात होता. सासूबाईंनी डाग पाहिले आणि विचारलं, "बसता येतंय ना?" आणि बसल्या. त्या झोपाळ्याशी आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आठवणी त्यांच्या होत्या.

पण मग वैराग्य म्हणून वस्तूकडे लक्षच द्यायचं नाही का? आमच्या गटातले एक काका म्हणतात, हलकं, स्वस्त फर्निचर घ्यावं, पाच-सात वर्षांनी टाकून द्यावं, म्हणजे जीव अडकायचा प्रश्नच येत नाही. काकांचा मान राखून सांगतो, आम्हाला हे पटत नाही. जे टाकून देतो ते कुठेतरी पडतंच. भुसा आणि डिंक दाबून केलेल्या फळीत पाणी शिरलं की ती फुगते, तिला रंधा मारता येत नाही, स्क्रू पुन्हा धरत नाही. ती जाळली तर तिच्यातला डिंकही जळतो आणि तो धूर चांगला नव्हे. सागाचं झाड फर्निचरजोगं व्हायला कित्येक वर्षं जातात. कुणी लावलेलं झाड, कुणी काढलेली लाख, कुणाची कारागिरी, कुणाच्या कष्टाचे हप्ते. आपल्याकडे ते मधल्या काही वर्षांपुरतं राहायला आलंय. त्याची हेळसांड करून आपण मोकळे होतो असं वाटतं, पण ती बेपर्वाई आहे. तिला वैराग्याचं नाव देऊ नये.

टिकवायचं असेल तर मुळात फार करावं लागत नाही, हे आम्हाला उशिरा कळलं. आधी लाकडावर लेप कशाचा आहे ते ओळखावं. आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने थेंबभर स्पिरिट लावून बघावं. चिकट झालं तर लाख. आजोबांच्या काळातल्या शिसवी कपाटांवर बहुधा हेच लाखेचं पॉलिश असतं. त्याला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, गरम कप, काही चालत नाही.

रोजची धूळ कोरड्या, मऊ, जुन्या सुती कापडाने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने टिपावी. जोर लावला तर तीच धूळ वाळूसारखी घासते. हाताचा मळ, तेलकटपणा बसला असेल तर तीन-चार रिठे रात्री भांडंभर पाण्यात भिजवावेत, सकाळी कुस्करून फक्त फेस घ्यावा, कापड त्यात बुडवून अगदी घट्ट पिळावं, पुसावं आणि लगेच कोरड्याने टिपावं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं. पावसाळ्यात कपाटाचा खण अडकतो तो त्यामुळेच. तेव्हा सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका, हिवाळ्यात तो खण खुळखुळेल. कडेला मेणबत्ती घासा आणि दसऱ्यापर्यंत धीर धरा.

घरगुती म्हणजे निर्दोष, हाही आपला एक लाडका भ्रम. लिंबू आणि व्हिनेगर आंबट आहेत, पुन्हा पुन्हा लावले तर लाखेचा आणि मेणाचा तजेला मारतात. खोबरेल लाकडावर सुकत नाही. चार दिवस छान दिसतं, मग चिकट होतं, धूळ धरतं आणि खवट वास मारतं. जवसाचं तेल हवा लागून खरंच सुकतं, पण तेही फक्त उघड्या, लेप नसलेल्या लाकडाला, आणि तेही बोटभर. वरून थोडं मधमाशीचं मेण. एक मात्र ध्यानात ठेवा, जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून डब्यात टाकू नका. सुकताना ती आतल्या आत तापते आणि काडी न लावता पेट घेऊ शकते. अंगणात पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. झोपाळ्याच्या पितळी कड्या चिंचेने घासायच्या तर काढून घासाव्यात, नाहीतर आंबट पाणी ओघळून लाकडावर येतं. बाजारातल्या झटपट चमकवणाऱ्या फवाऱ्यांपैकी बऱ्याच जणांत सिलिकॉन असतं. पुढे कधी पुन्हा पॉलिश करायचं म्हटलं की ते नीट धरत नाही. शिवाय तो फवारा बंद खोलीत कोण श्वासात घेतं? बहुतेक घरांत ज्यांचं ते फर्निचर नसतं, त्याच घेतात.

इथेच आम्ही अडतो. पर्यावरणपूरक म्हणताना नदी, झाडं, हवा आठवतात. पुसणाऱ्याचे हात आठवत नाहीत. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो, दसऱ्याला अवजारांची पूजा करतो. वर्षभर केरसुणी धरणाऱ्या बाईला मात्र डाग पडला की प्रथम विचारतो, "काय केलंस?"

कारागिराने पाट नेऊन पुन्हा लाख चढवून दिली. नक्षी पूर्वीसारखी नाही झाली, हाताच्या दांड्यावर एक वेल अर्धीच आहे. ती तशीच ठेवलीय.

संक्रांतीला बेनचा पत्ता काढून गेलो. त्यांनी प्लास्टिकची खुर्ची पदराने पुसून दिली, चहा ठेवला. काय झालं होतं ते आम्ही सांगितलं, चूक आमची होती असं स्पष्ट म्हटलं आणि बोनसचे राहिलेले पैसे पुढे केले. त्यांनी ते मोजले आणि डब्यात ठेवले. बरं वाटलं की "नको नको" म्हणाल्या नाहीत, हक्काचेच होते. त्यांना दुसरी दोन घरं मिळाली होती, आमच्याकडे परत यायचं नाव त्यांनी काढलं नाही आणि आम्हीही आग्रह केला नाही. बोटं बरी दिसत होती. निघताना दारात त्यांनी विचारलं, "हिंचको सारो थई गयो?" झोपाळा बरा झाला का. अकरा वर्षं त्यांनीच तर पुसला होता.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता केंद्रातले चौरंग, पाट आणि पुस्तकांचं कपाट पुसण्याची सेवा आहे. प्रत्येकाने घरून जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं मऊ कापड आणावं. रिठ्याचा फेस आम्ही करून आणतो. फवारे, लिंबू, खोबरेल कुणी आणू नये. आणि ज्यांच्या घरी मदतीला ताई येतात, त्यांनी या वेळी ताईंना न पाठवता स्वतः यावं. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला कपाटाचं काम दिलंय, उरलेलं बोलणं तेव्हाच करू.