सरपंच व्हायला कितवी लागते?

२०१८ सालचा पंधरा ऑगस्ट. गोदाकाठच्या एका गावात मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. झेंडा सरपंचबाईंच्या हातून फडकायचा होता. त्यांनी दोरी ओढली, पण गाठ सुटेना. शिपाई पुढं झाला. मागून त्यांचे मालक म्हणाले, "द्या इकडं." बाईंनी दोरी सोडली नाही. पदर कमरेला खोचला, दोन्ही हातांनी झटका दिला आणि झेंडूच्या पाकळ्या त्यांच्याच डोक्यावर पडल्या. माझ्या सहावीच्या मुली सावधान उभ्या राहून ते सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी वर्गात एकीनं विचारलं, "बाई, सरपंच व्हायला कितवी लागते?" थेट निवडणुकीचा नियम तेव्हा नवा होता. १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पास असावं लागतं, असं मी सांगितलं. तिनं बोटं मोजली. "म्हंजे अजून दोनच परीक्षा की!"

वय एकवीस पूर्ण लागतं, हे मात्र मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. सातवी होईल, याची मला खात्री होती. एकवीस वर्षांची होईपर्यंत ही मुलगी स्वतःच्या मनाची राहील का, याची नव्हती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. राज्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे, आणि सगळ्या जिल्ह्यांत वरचा नंबर आमचा. आकडा छापून यायच्या कितीतरी आधी शाळेच्या हजेरीपटानं तो मला दाखवला होता. एकेक नाव गळतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एक, उन्हाळ्यानंतर दोन.

आईबाप दुष्ट असतात म्हणून हे होत नाही. गंगाखेड, सोनपेठ, पालम या भागातून दसरा झाला की ऊसतोडीला बैलगाड्या, ट्रॅक्टर निघतात. वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर घरी ठेवायची? शिवाय तोडीला नवराबायकोची जोडी लागते. जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते. पोरीचं लग्न लावलं की घोर मिटतो आणि आणखी एक कोयता उभा राहतो. वरची शाळा दुसऱ्या गावाला आणि एसटी वेळेवर नाही, हे कारण वर असतंच. अशा घरात जाऊन 'मुलगी शिकली, प्रगती झाली' म्हणणं मला जड जायचं.

म्हणून महिला नेत्यांपासून बायकांना प्रेरणा मिळते, असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, किती अंतरावरून? आमच्या जिल्ह्यातून फौजिया खान २०२० मध्ये राज्यसभेवर गेल्या. जिंतूरच्या मेघना बोर्डीकर २०१९ आणि २०२४ असं दोनदा निवडून आल्या, आता राज्यमंत्री आणि जिल्ह्याच्या पालकमंत्री आहेत. त्यांच्या पाठीशी वडील रामप्रसाद बोर्डीकरांची पुण्याई होती, हे खरं आहे. पण राजकारणातली पुण्याई मुलालाच द्यायची आपली रीत असताना ती मुलीकडं आली, हेही मी मोजते. तरी माझ्या वर्गातल्या मुलीला मंत्री दिसतात त्या बॅनरवर. सरपंचबाई तिला हापशावर दिसतात, रेशनच्या रांगेत दिसतात, नवऱ्यावर चिडलेल्या दिसतात. आपल्यासारखी बाई हे करते, हे डोळ्यांना पटायला इतकं जवळून दिसावं लागतं.

स्थानिक संस्थांत बायकांना आरक्षण १९९३ पासून संविधानानंच दिलं. महाराष्ट्रानं २०११ मध्ये ते निम्म्यावर नेलं. त्याबरोबर सरपंचपतीही आले. प्रोसिडिंग बुकात सही बायकोची आणि ठराव नवऱ्याचा, हे मी पाहिलं आहे. पण एवढ्यावरून आरक्षण फुकट गेलं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. सहीपुरती का होईना, बाई त्या खोलीत जाऊन बसते आणि वही तिच्यासमोर उघडली जाते. आमच्या सरपंचबाई पहिलं वर्षभर मालकांकडं बघून बोलायच्या. दुसऱ्या वर्षी ग्रामसेवकाला म्हणाल्या, "वाचून दाखवा, मग सही." अक्षरं त्यांना येत होती. ठरावाची भाषा येत नव्हती, आणि ती आपल्याला येत नाही हे चारचौघांत सांगायचा धीर त्यांना वर्षभरानं आला.

खरी अडचण पुढं आहे. पाच वर्षं संपली की आरक्षणाचं चक्र फिरतं आणि खुर्ची दुसरीकडं जाते. बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ४९५ गावांत झालेला एक अभ्यास मला इथं फार मोलाचा वाटतो. नोबेल मिळवणाऱ्या एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. मुलाकडून आईबाप जेवढी अपेक्षा ठेवतात तेवढी मुलीकडून ठेवत नाहीत. ज्या गावांत प्रधानपद, म्हणजे तिथलं सरपंचपद, बाईसाठी दोन वेळा राखीव राहिलं, तिथं ही दरी पाव भागानं बुजली. मुलामुलींच्या स्वतःच्या स्वप्नांतली दरी त्याहून जास्त बुजली आणि मुलींचा घरकामातला वेळ कमी झाला. हे सगळं दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला गाव बाईकडं नवल म्हणून बघतं, चुका मोजतं. ती परत आली, की गावाला सवय होते. आणि आपण नेमकं सवय लागायच्या वेळी तिला उठवतो.

सवय लागत असतानाच बाईला उठवणं नेपाळातही घडलं. २०१५ चं संविधान आलं, विद्यादेवी भंडारी राष्ट्रपती झाल्या, पुढच्या वर्षी सुशीला कार्की सरन्यायाधीश. २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत प्रमुख आणि उपप्रमुख या दोन जागांवर पक्षानं उमेदवार दिले तर त्यात एक बाई हवी, असा नियम होता. बहुतेक पक्षांनी प्रमुख पुरुष ठेवला आणि बाईला 'उप' दिलं. पण तिथल्या न्यायिक समितीचं अध्यक्षपद कायद्यानं उपप्रमुखाकडं असतं. मारहाण, पोटगी, शेताचा बांध अशी गाऱ्हाणी तिच्यासमोर येऊ लागली. डोंगरातल्या एखाद्या बाईला आपलं दुखणं बाईपुढं मांडता आलं, हे मला राष्ट्रपतिपदाइतकंच मोठं वाटतं. २०२२ मध्ये पक्षांनी आघाड्या करून एकेकच जागा लढवली, नियम आपोआप गळाला आणि उपप्रमुख बायकांची संख्या घटली. सवय मोडायला एक निवडणूक पुरते.

आमच्या मुलींच्या आयांना नेपाळ लांबचं, बीरभूमही लांबचं. जनाबाई जवळची. गंगाखेडची पोर, पंढरपुरात नामदेवाच्या घरची दासी. सातशे वर्षं झाली, तिची ओळख अजून धन्याच्या नावानंच होते, आणि तरी अभंग तिचा तिचा आहे. बायकांनी तिला धरून ठेवलं, कारण ती त्यांच्याच जात्यावर बसलेली आहे आणि देव तिला दळू लागतो. सरपंचबाईंच्या सहीतही मधलं नाव नवऱ्याचंच असतं. मला त्याचं पूर्वीइतकं वाईट वाटत नाही. त्या नावाआडून बाई काय करते, ते मी पाहिलं आहे.

ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी, असा नियम आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. आमच्या गावात तिसऱ्या वर्षी ती शाळेच्या व्हरांड्यात खरोखर भरली. पंधरावीस जणी आल्या. घरकुल, नाली हे विषय झाल्यावर मागं बसलेली एक जण म्हणाली, "पोरीला आठवीला घालायचंय. पर चार किलोमीटर पायी कशी धाडू?" मग सगळ्या बोलायला लागल्या. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली मुलींसाठीची बस शेजारच्या फाट्यापर्यंत यायची, ती गावात यावी असा ठराव झाला. सरपंचबाई तो कागद घेऊन आगारात चार वेळा गेल्या. दोनदा मालक बरोबर होते, दोनदा नव्हते. मध्ये करोनानं शाळाच बंद पडल्या. त्या उघडल्यानंतर बस सुरू झाली, सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक.

२०२२ च्या शेवटी बाईंची मुदत संपली. पुढची सोडत निघाली तेव्हा जागा खुली झाली. गावकीत म्हणाले, आता बाईचं आरक्षण नाही, कामून उभं राहता? त्या उभ्या राहिल्या आणि पडल्या. नव्या सरपंचांनी बस बंद केली नाही, कारण ती बंद करायची म्हटलं तर पंधरावीस घरांतल्या बायकांना तोंड द्यावं लागलं असतं.

माझी बदली झाली होती. अकरावीच्या वर्षी ती मुलगी मला तालुक्याच्या बसस्थानकावर भेटली, पाठीवर दप्तर, हातात पास. घरी एका स्थळाची बोलणी झाली होती, म्हणाली. आई सरपंचबाईंना घेऊन आली, त्या रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून होत्या, आणि बोलणी बारावीनंतरवर गेली. मग तिनं मला तोच जुना प्रश्न नव्यानं विचारला, "बाई, वय किती लागतं?" या वेळी मी सांगितलं. तिनं पुन्हा बोटं मोजली, आणि तेवढ्यात तिची गाडी लागली.