छंदाचे ऋण

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही मूळची केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. तिला झाशीच्या राणीचे नाव लाभले आहे. नोकरीच्या निमित्ताने राजधानीत आलेल्या मराठी कुटुंबांना हे नाव जवळचे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. वसाहतीला लागून १९९४ मध्ये सुरू झालेली दिल्ली हाट आहे आणि दुसरीकडे जवळच सरोजिनी नगरचा बाजार. हाटेत लखनौची चिकनकारी, पंजाबची फुलकारी, बंगालचा कांथा आणि कच्छचे भरतकाम घेऊन कारागीर पाळीपाळीने येतात. सरोजिनी नगरात निर्यातीतून उरलेल्या कपड्यांचे ढीग असतात, आणि त्यांवरील वेलबुट्टी बहुधा कारखान्यातील यंत्राची असते. एका ठिकाणी हाताच्या कसबाला मोल आहे, तर दुसऱ्या ठिकाणी यंत्राच्या वेगाला. या दोहोंच्या मध्ये घरातले शिवणयंत्र उभे असते. फावल्या वेळी त्यावर उशीचे अभ्रे, झबली, दाराचे पडदे शिवणारी आणि त्यांवर फुलेपाने भरणारी व्यक्ती कोणत्या बाजूची मानावी? तिचे काम हस्तकला ठरते काय? आणि ज्या कामावर इतरांची चूल पेटते, ते काम केवळ आनंदासाठी करणाऱ्याकडे त्या इतरांचे काही देणे लागते काय? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. तथापि पहिल्याचा उलगडा झाल्याखेरीज त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

यंत्र म्हटले की हाताचा लोप झाला, असे मानण्याची सवय पडली आहे. यंत्रावरचे भरतकाम जवळून पाहिले तर ही समजूत टिकत नाही. साध्या यंत्रावर नक्षी भरताना कापड दाबून धरणारा भाग काढून टाकतात, कापड पुढे सरकवणारे दात खाली घेतात किंवा झाकतात, आणि कापड गोल कड्यात ताणून सुईखाली धरतात. मग यंत्राकडे एकच काम उरते, ते म्हणजे सुई वरखाली करणे. दिशा, वळण, टाक्याची लांबी, कोठे थांबायचे आणि कोठे दाट भरायचे, हे सारे हात ठरवतो. लिहिताना कागद स्थिर असतो आणि लेखणी फिरते. येथे लेखणी जागच्या जागी नाचते आणि कागदच तिच्याखाली फिरवावा लागतो. पायाचा वेग आणि हाताची गती यांचा मेळ चुकला की दोरा तुटतो किंवा कापडाला चुणी पडते. हा मेळ कोणतेही यंत्र शिकवीत नाही; तो सरावानेच साधतो.

संगणकावर चालणाऱ्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. तेथे नक्षी आधीच टाक्यांच्या हिशेबात मांडलेली असते आणि कडेही यंत्रच फिरवते. माणसाकडे दोऱ्यांचे रंग, कापडाखाली लावायच्या अस्तराची निवड आणि दोऱ्याचा ताण एवढेच उरते. विकत घेतलेली नक्षी यंत्रात घालून कळ दाबणाऱ्याचा त्या फुलावर फारसा हक्क सांगता येणार नाही. परंतु तीच नक्षी स्वतः रेखाटून, प्रत्येक पाकळीतील टाक्याची दिशा ठरवून यंत्राच्या स्वाधीन करणाऱ्याचा हक्क कसा नाकारायचा? म्हणजे भेद हात आणि यंत्र यांच्यातला नाही. काम घडविण्याचा आणि बिघडविण्याचाही अधिकार कोणापाशी राहिला, हा खरा भेद आहे. जेथे करणाऱ्याला चुकण्याची मोकळीक आहे, तेथे काम त्याचे आहे.

या भेदाची जाणीव इतिहासानेही वेळोवेळी करून दिली आहे. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्याला १८३० मध्ये शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. ते यंत्र साखळीटाका घालणारे होते. भरतकामातील आकड्याच्या सुईची चाल त्यात उतरली होती. म्हणजे शिवणयंत्राच्या एका पूर्वजाचा जन्मच भरतकामातून झाला. पॅरिसमध्ये त्याच्या यंत्रांवर सैन्याचे गणवेश शिवले जात असताना, १८३१ मध्ये, पोट बुडण्याच्या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रे मोडून टाकली. सुईवर त्या शिंप्यांचा राग नव्हता. सुई आपल्या हातून निसटते आहे, हे त्यांना दिसत होते. पुढे मार्क्सनेही १८६७ मध्ये ‘भांडवल’ लिहिताना शिवणयंत्राची दखल घेतली. वस्त्रोद्योगात राबणाऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्या जीवनावर या यंत्राने केलेला आघात त्याने नोंदवला.

याउलट यंत्रयुगाचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनी याच यंत्राला अपवाद केले. १९२४ मध्ये दिल्लीतील एकवीस दिवसांच्या उपवासानंतर शांतिनिकेतनचे विद्यार्थी जी. रामचंद्रन यांच्याशी त्यांचा जो संवाद झाला, त्यात सिंगरच्या यंत्राविषयी त्यांनी आपुलकी दाखवली. शिवताना पत्नीला होणारे कष्ट पाहून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र घडवले, अशी त्यांची धारणा होती. इतिहास या कथेला पुष्टी देत नाही. १८५१ मध्ये पेटंट घेणारा आयझॅक सिंगर हा व्यवहारी माणूस होता. त्याच्या आधी १८४६ मध्ये एलियास हाऊ यांनी पेटंट घेतले होते, आणि दोघांतील वाद न्यायालयात गाजला. परंतु कथा खोटी ठरली तरी गांधीजींची कसोटी खोटी ठरत नाही. यंत्र माणसाचे अवयव निकामी करते की त्याचे कष्ट हलके करते, आणि त्यामागे लोभ आहे की प्रेम, असे ते विचारीत होते. हे यंत्र तयार करायला कारखाना लागेलच, असे रामचंद्रन यांनी सुचवताच गांधीजींनी ते मान्य केले. मात्र असे कारखाने नफ्यासाठी न चालता राष्ट्राच्या ताब्यात असावेत, असे त्यांनी म्हटले. प्रेमाने वापरलेल्या यंत्रामागेही कोणाचे तरी श्रम असतात, याचा विसर त्यांनी पडू दिला नाही.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येते. महाराष्ट्रात शिवणकला हा प्रथमपासून छंद नव्हता. संत नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले, आणि त्या कुळात कात्री व गज ही उपजीविकेची साधने होती. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सेवासदनाने विधवा व निराधार स्त्रियांना शिवणकाम शिकवले, ते त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे म्हणून. घरोघरच्या गोधड्याही हौसेपेक्षा काटकसरीतून जन्मल्या. जुनी लुगडी टाकून देणे परवडत नव्हते म्हणून त्यांचे थर एकमेकांवर आले. पुढे ‘उषा’सारखी देशी यंत्रे मध्यमवर्गाच्या घरात आली, तयार कपडे स्वस्त झाले, आणि शिवणे ही गरज न राहता आवड बनली. गरज संपते तेथेच छंद सुरू होतो. छंद ही अशा रीतीने एक मिळालेली सवलत आहे, आणि कोणतीही सवलत तपासून पाहावी लागते.

या सवलतीची नैतिक बाजू दोन प्रकारे मांडता येते. पहिली बाजू छंदाच्या पक्षाची आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. कर्माला मनाची जोड मिळाली की त्याचे ओझे उरत नाही, असा विचार त्यांत आहे. संध्याकाळी यंत्रापाशी बसून एका पानाची कड तीन वेळा उसवून पुन्हा शिवणारी व्यक्ती या विचाराचे जिवंत उदाहरण आहे. तिला कोणी मजुरी देणार नाही, कोणी वेळेचा तगादा लावणार नाही. तरीही ती उसवते, कारण कड नीट आलेली नाही. निरपेक्ष कर्माचा हा अनुभव सामान्य संसारात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

दुसरी बाजू कारागिराची आहे. छंद म्हणून केलेले काम कधी ना कधी घराबाहेर जाते. ओळखीचे लोक मागणी करतात, एखाद्या प्रदर्शनात चार वस्तू मांडल्या जातात. तेव्हा किंमत ठरवताना दोरा आणि कापड यांचाच हिशेब होतो. आपले श्रम तर आनंदाचे, त्यांचे काय घ्यायचे, असा उदार विचार मनात येतो. दिसायला हे औदार्य आहे. पण त्याची किंमत दुसरा कोणी तरी चुकवतो. ज्या बाईचे घर त्याच कामाच्या नगावारी मजुरीवर चालते, तिने भाव सांगितला की गिऱ्हाईक म्हणते, ‘अमकीने तर याच्या निम्म्यात करून दिले.’ ज्याला पैशाची गरज नाही त्याने आपले श्रम फुकट दिले, तर गरजवंताचे श्रमही स्वस्त होतात. १८३१ मध्ये पॅरिसच्या शिंप्यांना जी भीती वाटली, तीच येथे लहान प्रमाणात आणि गोड चेहऱ्याने पुन्हा येते.

यावर छंद सोडावा हा उपाय नव्हे. उलट छंदातूनच उपायाची वाट निघते. कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्रात इरकली लुगड्यांवर काढल्या जाणाऱ्या कशिद्यातील गावंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. त्यात गाठ लपवायला जागाच नसते. यंत्राच्या भरतकामात मात्र वरचा दोरा किंचित खाली ओढून घेतात, म्हणजे खालच्या बॉबिनचा साधा दोरा वर डोकावत नाही. पाहणाऱ्याला फक्त रंगीत फूल दिसते. ज्याने स्वतः शिवले आहे, त्याला खालची बाजू ठाऊक असते. एका लहान फुलाला किती वेळ लागतो, डोळे केव्हा थकतात, पाठ केव्हा भरून येते, हे त्याने अनुभवले आहे. हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही, आणि ज्याला ते मिळाले त्याच्यावर त्याची जबाबदारीही येते.

म्हणून लक्ष्मीबाई नगरातल्या एखाद्या घरी यंत्रावर नक्षी भरणारी व्यक्ती जेव्हा शेजारच्या हाटेत जाते आणि हाताने भरलेली ओढणी हातात घेते, तेव्हा तिच्या छंदाची परीक्षा होते. ओढणी उलटी करून टाके पाहण्याचा तिला अधिकार आहे. तो तिने कष्टाने मिळवला आहे. पण टाके मोजता येऊ लागल्यावर सवयीने ‘निम्म्यात द्या’ म्हणणे तिला शोभत नाही. स्वतःची वस्तू विकताना तासांचा हिशेब धरावा, भेट द्यायची असेल तर ती खुशाल भेट म्हणूनच द्यावी, आणि दुसऱ्याचे काम घेताना त्याच्या तासांना आपल्याच तासांचे मोल द्यावे, एवढे पाळले तरी हे ऋण फिटू लागते. सुई यंत्रात बसवली आहे की बोटांत धरली आहे, याने त्यात काही फरक पडत नाही.