दीर्घ रात्रीची प्रार्थना

वर्षातील सर्वांत मोठी रात्र २१ किंवा २२ डिसेंबरच्या सुमारास येते. त्या वेळी आपल्या बेळगाव-निपाणी भागात दिनमान सुमारे अकरा तास दहा मिनिटांचे असते. त्यानंतर ते वाढू लागते. परंतु पहाटेच्या पूजेस उठणाऱ्यास त्याची खूण पटत नाही. कारण आपल्याकडे सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उशिराच होत जातो. दिवस वाढतो तो सायंकाळच्या बाजूने. सूर्य वळलेला असतो, तरी सकाळचा अंधार वाढतच असतो. धुंधुरमासात सूर्योदयापूर्वी खिचडीचा नैवेद्य दाखविणाऱ्या घरांना हा अंधार परिचयाचा आहे.

शोकग्रस्त मनाची स्थिती अशीच नव्हे काय? घरातील माणूस गेल्यावर लोक धीर देतात, पण सकाळ झाली की दुःख आदल्या दिवसाहून गडदच वाटते. अशा वेळी आशा म्हणजे डोळ्यांना दिसलेला प्रकाश नव्हे, तर सूर्य वळला आहे हा विश्वास होय. हा विश्वास एकट्याने धरणे कठीण जाते. म्हणून माणसे एकत्र येऊन प्रार्थना करतात.

आता प्रश्न असा, की ही प्रार्थना परधर्मीयांसमवेत केल्याने स्वधर्मनिष्ठा उणावते काय? ह्याचे उत्तर एका जुन्या रात्रीत सापडते. १६ ऑगस्ट १८८६ रोजी श्रीरामकृष्ण परमहंसांनी देह ठेवला. त्यांचे तरुण शिष्य पोरके झाले. त्याच वर्षी डिसेंबरात ते बंगालमधील आंटपूर गावी, गुरुबंधू बाबुराम ह्यांच्या घरी जमले. रात्री धुनीभोवती बसले असता नरेंद्रनाथांनी, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंदांनी, येशूच्या त्यागाची कथा सांगितली, आणि सर्वांनी संन्यासाचा संकल्प केला. ती २४ डिसेंबरची, नाताळच्या पूर्वसंध्येची रात्र होती, हे त्यांच्या मागाहून ध्यानी आले. येशूचे चरित्र ऐकून त्यांच्यापैकी कोणी ख्रिस्ती झाला नाही. उलट दुःखाने विखुरलेली मने आपल्याच गुरूच्या मार्गावर अधिक दृढ झाली. रामकृष्ण मठांतून आजही त्या सायंकाळी येशूची पूजा होते.

हेच स्वामीजी १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावी राहून गेले. आज येथील किल्ल्यात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, कमलबस्ती हे जैन मंदिर आहे आणि सफा मशीदही आहे. एकाच तटबंदीच्या आत ही स्थाने आपापली रीत सांभाळून नांदत आहेत.

ह्यातून एक मर्यादाही शिकावी. परक्या देवघरात पाहुण्याप्रमाणे जावे. तेथील रीत पाळावी, आपली तेथे लादू नये, आणि दोहोंची खिचडी करून नवा धर्म काढण्याच्या भरीस पडू नये. रोमन लोकांच्या जुन्या पंचांगात २५ डिसेंबर हाच अयनदिन मानला जाई. आपली मकरसंक्रांतही सुमारे सतराशे वर्षांपूर्वी अयनदिनीच येत असे; अयनचलनामुळे आज दोहोंत तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. सूर्य एकच, पण त्याच्या स्वागताच्या तिथी निरनिराळ्या. ह्या तिथी एक करण्याचे कारण नाही. एकमेकांच्या तिथीस उपस्थित राहिले तरी पुरे.

आपल्या सीमाभागात १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून भाषेची जखम आहे. तिचा न्याय न्यायालयाने करावयाचा. प्रार्थनेने तो होणार नाही. परंतु शेजारच्या घरी मृत्यू घडला असता त्या घरची भाषा वा देव विचारीत बसणे हे कोणत्याच धर्मात बसत नाही. २०२० व २०२१ साली महामारीत कित्येक घरांना आपल्या माणसाचे अंत्यदर्शनही नीट घडले नाही. त्यांचे सांत्वन तेव्हा राहून गेले, ते अद्याप करता येण्याजोगे आहे.

तेव्हा ह्या धुंधुरमासात नैवेद्याचे एक पान अशा एखाद्या घरी पोहोचवावे, आणि त्यांच्या देवासमोर क्षणभर मुकाट्याने बसावे. पहाट होण्यास अवकाश असेल. पण सूर्य वळला आहे, हे त्या घरास कोणीतरी जाऊन सांगावयास हवे.