वाहक हा अर्धा रुग्ण नव्हे

सिकलसेलची तपासणी आता गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातल्या आश्रमशाळांपर्यंत आणि उपकेंद्रांपर्यंत पोहोचली आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन करायचे, असे तिचे उद्दिष्ट आहे. मोहीम हवीच होती, आणि तिला उशीरच झाला. पण बोटातून थेंबभर रक्त घेतल्यावर कुणाच्या तरी नावापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिले जाते. त्यानंतर घरात, गावात आणि सोयरिकीच्या बोलणीत जे घडते त्यात अन्याय आहे. शेतात राबणारी, कधी दवाखान्याची पायरी न चढलेली धडधाकट मुलगी एका दिवसात 'सिकलवाली' ठरते. स्थळे परत जातात. मुलाचा अहवाल मात्र कुणी मागत नाही.

ज्या चाचणीवर हे सगळे उभे आहे, ती बहुधा सोल्युबिलिटीची असते. नळीतले द्रावण गढूळ झाले की रक्तात हिमोग्लोबिन एस आहे, एवढेच कळते. ते आई-वडील दोघांकडून आले की एकाकडूनच, हे गढूळपणावरून ओळखता येत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही दुसरी तपासणी करावी लागते. तिच्यातून 'एएस पॅटर्न' की 'एसएस पॅटर्न' हे ठरते. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे रुग्ण. या दोघांना एका शब्दात कोंबणे ही वैद्यकशास्त्राच्या नावाने होणारी चूक आहे, आणि तिचा इतिहास या आजाराच्या अभ्यासाइतकाच जुना आहे.

सुरुवातीची गोष्ट परिचित आहे. 1910 मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या दंतवैद्यकाच्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन छापले. 1922 मध्ये आजाराला आजचे नाव मिळाले. 1927 मध्ये प्राणवायू कमी झाला की पेशी वाकतात, हे दिसले. मधली एक नोंद मात्र सहसा मागे पडते. 1917 मध्ये एमेल यांनी एका रुग्ण स्त्रीच्या वडिलांचे रक्त काचेखाली ठेवले, तेव्हा त्या निरोगी माणसाच्या पेशीही वाकल्या. आजार नसलेल्या माणसात आजाराची खूण सापडली होती. हे कोडे मग जवळजवळ तीस वर्षे तसेच राहिले आणि डॉक्टर अशा माणसाला 'दडलेल्या आजाराचा' धनी मानत राहिले.

मग 1949 साल आले. लायनस पॉलिंग, इटानो, सिंगर आणि वेल्स यांनी विद्युत्क्षेत्रात सिकल रुग्णांचे हिमोग्लोबिन वेगळ्या गतीने सरकते, हे दाखवले आणि 'रेणूचा आजार' ही कल्पना जन्माला आली. पुढे 1950 च्या दशकात व्हर्नन इनग्राम यांनी दोष नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्या बदलाने प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून काड्या तयार होतात, पेशी ताठरते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि सांध्यांत, हाडांत असह्य कळा सुरू होतात. एरवी सुमारे 120 दिवस जगणारी पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते.

प्रत्येक पाठ्यपुस्तक या टप्प्यावर थांबून टाळ्या वाजवते, आणि सगळे वाचक इथेच चुकतात. एक अक्षर बिघडले म्हणजे आजार, असा धडा त्यातून घेतला गेला. बिघडलेले अक्षर ज्याच्याकडे असेल तो बिघडलेला, हा पुढचा निष्कर्ष मग आपोआप निघाला. पण 1949 मध्येच जेम्स नील यांनी रुग्णांच्या आई-वडिलांचे रक्त तपासून एमेल यांचे कोडे सोडवले होते. जनुकाची एक प्रत असेल तर वाहक, दोन असतील तर आजार. पॉलिंग यांच्या निबंधातही वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन असल्याचे नोंदले होते, आणि त्यात साध्या हिमोग्लोबिनचा वाटा मोठा होता. साधे रेणू मधे मिसळलेले असल्यामुळे वाहकाच्या शरीरात काड्यांची ही साखळी सहसा जुळतच नाही. अतिउंचीवर किंवा टोकाच्या श्रमात क्वचित त्रास होतो, हे खरे. पण वाहक अर्धा आजारी नसतो. ही तिसरीच अवस्था आहे आणि तिला तिचे स्वतःचे जीवशास्त्र आहे.

ते जीवशास्त्र 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी उलगडले. केनियाचा किनारा आणि व्हिक्टोरिया सरोवराचा काठ अशा डासाळ भागांत वाहक पुष्कळ, थंड डोंगरमाथ्यावर कमी, असे त्यांना दिसले. फॅल्सिपेरम हिवतापाने लहान मुले दगावतात तिथे वाहक मुले अधिक वाचतात, म्हणून हे जनुक पिढ्यानपिढ्या टिकून राहिले. एटापल्ली, भामरागड, धानोऱ्याच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा वाहतो, आणि हिवताप मेंदूत चढलेली मुले हेमलकशाच्या दवाखान्याने कित्येक वर्षे पाहिली आहेत. ज्या जनुकावरून आज सोयरिकी मोडतात, त्यानेच या जंगलातल्या कितीतरी पूर्वजांना बालपण ओलांडू दिले.

पण या शोधाचाही विपर्यास झाला, आणि तो अधिक घातक आहे. 'सिकल असेल त्याला मलेरिया होत नाही' असे सर्रास सांगितले जाते. ते साफ चूक आहे. संरक्षण मिळते ते वाहकाला, आणि तेही गंभीर हिवतापापासून. डास चावल्यावर लागण त्यालाही होते. एसएस असलेल्या मुलाला मात्र हाच ताप प्राणघातक ठरतो, कारण मुळातच कमी असलेले रक्त त्यात आणखी घटते आणि वेदनेचे झटके उसळतात. मच्छरदाणीची आणि वेळेवर तपासणीची सर्वात जास्त गरज ज्याला आहे, त्यालाच 'तुला काय होणार' म्हणून मागे ठेवणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात उभे करणे.

वाहक आणि रुग्ण एकच मानले की काय होते, याचे दाखले जगाने पाहिले आहेत. 1968 मध्ये खुद्द पॉलिंग यांनी असे जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक प्रेमात पडण्याआधीच सावध होतील, अशी सूचना केली. दोन नोबेल पारितोषिके मिळवणाऱ्या माणसाने हे लिहावे, याचे दुःख वाटते. अमेरिकेच्या हवाईदल अकादमीत 1981 पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात सर्वांची तपासणी करून लग्नाबाबत सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पुन्हा पाहिले, तर वाहकांची आपसातली लग्ने सल्ला न देता जितकी झाली असती जवळपास तितकीच झाली होती. वाहक असणे कलंक ठरले होते, म्हणून लोकांनी ते लपवले.

भारतात 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सिकल पेशी आढळल्या आणि 1958 मध्ये नागपूरहून शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारताची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. तेव्हापासून 'आदिवासींचा आजार' हे बिरूद चिकटले ते चिकटलेच. प्रत्यक्षात विदर्भात तो अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आढळतो, तसाच अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही. गडचिरोलीत 1986 मध्ये आलेल्या अभय आणि राणी बंग यांनी सुरुवातीला सिकलसेलचाच अभ्यास हाती घेतला होता, पण लोकांच्या लेखी ती निकडीची गोष्ट नव्हती, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले. त्या काळी निदान झाल्यावर हाती देण्यासारखे फारसे काही नव्हते. कार्ड मिळावे, औषध नाही, असा शोध कुणाला हवासा वाटेल?

आता तसे राहिलेले नाही. मूळचे कर्करोगावरचे हायड्रॉक्सीयुरिया शरीरातले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, आणि त्याने झटके कमी होतात, हे 1995 मध्ये सिद्ध झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांना दर किलो वजनामागे 10 मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेनेही आराम पडतो, हे 2012 मध्ये मांडले. लहान वयात पेनिसिलीन दिले तर जंतुसंसर्गाचे मृत्यू टळतात. 'भारतीय सिकल सौम्य असतो' या समजावर विसंबून या मुलांना वाऱ्यावर सोडण्याचे दिवस संपले आहेत.

म्हणूनच 'निर्मूलन' या शब्दाची काळजी वाटते. हिवतापात संपवायचा असतो तो परजीवी. सिकलमध्ये माणसाबाहेर संपवण्याजोगे काहीच नाही. मोहिमेचे यश मोजायचे तर एसएस मुले किती दिवस शाळेत गेली, किती वर्षे जगली, त्यांना गोळ्या ग्रामीण रुग्णालयात मिळाल्या की नागपूर गाठावे लागले, यावरून मोजावे. किती लग्ने मोडली, यावरून नव्हे. दोन वाहकांच्या प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते, ती त्या जोडप्याला नीट समजावून सांगितलीच पाहिजे. पण निर्णय त्यांचा असावा.

तेव्हा घरात सिकलचा अहवाल आला, तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा: ही पहिली चाचणी आहे की दुसरी? पॅटर्न एएस की एसएस? सोयरीक जुळत असेल तर मुलीइतकाच मुलाचाही अहवाल मागा, आणि त्यात थॅलसेमियाची खूण नाही ना, हेही पाहा. एक जण एएस आणि दुसरा सर्वार्थाने एए असेल, तर त्यांच्या पोटी सिकलचा रुग्ण जन्मत नाही. ती सोयरीक मोडायला कोणतेही वैद्यकीय कारण नाही.