कीर्तनाचे द्रव्य आणि साथीचा वाटा

भिवंडीच्या यंत्रमागांनी वेढलेल्या नारपोलीसारख्या वस्तीत देवळाचा सभामंडप किंवा हरिनाम सप्ताहाचा मांडव हेच कलावंताला सर्वांत जवळचे व्यासपीठ असते, आणि म्हणूनच तेथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला काय द्यावे हा प्रश्न व्यवहाराइतकाच धर्माचाही ठरतो. वारकरी परंपरेचे उत्तर कठोर आहे: जेथे कीर्तन करावे तेथे अन्न घेऊ नये, बुका आणि माळही स्वीकारू नये, असे एका अभंगात बजावून तुकोबांनी द्रव्य घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही नरकाचा वाटेकरी ठरवले आहे. हरिकथा विकली जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह निर्विवाद मोलाचा आहे.

परंतु हा निर्बंध जो कथा सांगतो त्याने स्वतःवर घालून घ्यावयाचा आहे. यजमानाने तो पखवाजवादकावर लादणे ही वेगळीच गोष्ट होय. डाव्या पुडीला कणीक लावून, गळ्यात पखवाज अडकवून जो कीर्तनभर उभा राहतो, तो दिवसा मागावर काम करणारा असेल, तर विणलेल्या कापडावर मिळणारी त्याची मजुरी त्या पाळीपुरती बुडते. त्याच्या हाती शाल-श्रीफळ देऊन त्याने सेवा केली असे म्हणणे म्हणजे दुसऱ्याच्या त्यागाचे पुण्य आपल्या नावे मांडणे आहे.

याविषयी जुन्या कर्मशास्त्राने अधिक स्पष्ट विचार केला होता. पूर्वमीमांसेच्या, म्हणजे यज्ञविधीचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या मते, दक्षिणा हा ऋत्विजांचा, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांचा, ‘परिक्रय’, म्हणजे त्यांना कामासाठी मोल देऊन नेमणे होय. यज्ञाचे फळ यजमानाचे, श्रम मात्र ऋत्विजांचे, आणि मोल त्या श्रमांचे. सोमयागात शंभर गायी दक्षिणा असल्यास सामगान करणाऱ्या उद्गात्याला होता, अध्वर्यू आणि ब्रह्मा या इतर मुख्य ऋत्विजांइतक्याच बारा मिळत, तर त्याच्या साथीच्या प्रस्तोत्याला सहा, प्रतिहर्त्याला चार आणि सुब्रह्मण्याला तीन. वाटे समान नव्हते, हे खरे. तरी शेवटच्या गायकाचाही वाटा आधीच ठरलेला असे आणि तो कोणाच्या मर्जीवर सोडलेला नसे. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दक्षिणेवाचून केलेल्या यज्ञाची गणना तामस यज्ञात केली आहे.

सप्ताहाच्या जमाखर्चात मांडववाल्याचे आणि ध्वनिक्षेपकाचे भाडे बिनतक्रार लिहिले जाते, आणि तो अभंग त्यांना कोणी ऐकवीत नाही. त्याच वहीत पखवाजी आणि गायक यांची रक्कम आमंत्रणाच्या दिवशीच ठरवून लिहिली, तीत येण्या-जाण्याचा खर्च धरला, आणि कीर्तन आटोपल्यावर त्यांना ताटकळत न ठेवता ती हाती दिली, तर हरिकथेची विक्री होत नाही. कीर्तनकाराला निःस्पृह राहण्याची मोकळीक असतेच, आणि घरी परतणाऱ्या साथीदाराला आपली बुडालेली पाळी भरून मिळते.