‘रिकामी आहे’ म्हणजे काय?

१२ डिसेंबर २०२४ रोजी रोह्याच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत मिथेनॉलच्या साठवण टाकीवर वेल्डिंग चालू असताना स्फोट झाला आणि तीन कामगार गेले. अशा कामाआधी ‘टाकी रिकामी आहे ना?’ एवढं विचारून चालत नाही. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. उपसलेल्या टाकीत तळाशी राहिलेल्या थोड्याशा द्रवाची वाफ पोटभर साचते. मिथेनॉलची वाफ हवेत सहा टक्के झाली की ठिणगीला पुरते. कायद्याने हे फार पूर्वी ओळखलं आहे. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३७ स्फोटक किंवा ज्वालाग्राही पदार्थ ज्यात ‘आहे’ त्याच टाकीपुरतं थांबत नव्हतं. ज्यात तो ‘होता’, त्या टाकीलाही तो पदार्थ आणि त्याची वाफ काढून टाकल्याशिवाय किंवा निर्धोक केल्याशिवाय वेल्डिंगची आच लावू देत नव्हतं. सगळी गोम त्या ‘होता’मध्ये आहे.

पेणजवळ धरमतरच्या खाडीतून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज आणणाऱ्या बार्जना हेच लागू पडतं, किंबहुना जास्तच. कोळसा मिथेन सोडतो आणि बंद जागेतला ऑक्सिजन खातो, म्हणून नुसत्या नाकावर विसंबून आत उतरता येत नाही. शिवाय जहाजात पत्र्याच्या एका बाजूला वेल्डिंग चालतं आणि दुसऱ्या बाजूचा रंग, तेलकट चिंध्या, वायरी तापतात; तिकडे कोणी उभं नसेल तर धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. २०१८ साली कोचीच्या गोदीत दुरुस्तीला आलेल्या ‘सागर भूषण’ या जहाजावर साचलेल्या गॅसचा स्फोट होऊन पाच जणांचा मृत्यू झाला. ती गोदी काही नवखी नव्हती.

आधी टाकीतली हवा तपासा म्हटलं, की नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. भरती चुकली की बार्ज अडकते, खोळंब्याचे पैसे भरावे लागतात. खरं आहे, पण टाकीत वारा खेळवायला लागणारे तास दुरुस्तीच्या वेळापत्रकातच धरायचे असतात, ते वेल्डरच्या जिवातून कापायचे नसतात. दुसरं उत्तर अनुभवाचं: ‘वीस वर्षांत काही झालं नाही.’ आजच्या टाकीतल्या हवेला ती वीस वर्षं ठाऊक नसतात. तिसरं जरा चलाख आहे: धोका वाटला तर वेल्डरनं नाही म्हणावं. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्या माणसाचं ‘नाही’ म्हणजे उद्याची सुट्टी, बिनपगारी. हे ठाऊक असताना जबाबदारी त्याच्या गळ्यात घालणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

नैतिक भार कामाच्या परवान्यावर सही करणाऱ्यावर येतो तो त्यामुळे. हॉट वर्क परमिट, म्हणजे वेल्डिंगसारख्या आचेच्या कामाचा परवाना, हा शब्द देण्याचा कागद आहे, आणि तो केबिनमध्ये पंख्याखाली बसून देता येत नाही. सही मॅनहोलपाशी व्हावी: गॅस मोजणाऱ्या मीटरची नळी वर, मध्ये आणि तळाशी सोडून, आकडा आणि वेळ लिहून. जेवणाच्या सुट्टीनंतर काम पुन्हा सुरू होताना नळी पुन्हा आत सोडावी, कारण सकाळचा आकडा सकाळच्या हवेचा होता.